उरलेला गाल

सलूनवाल्याच्या बायकोच्या उजव्या हाताची दोन बोटं अकरा वर्षांत वाकली नव्हती. टॉवेल पिळताना ती काडीसारखी ताठ बाहेर राहत.

दारू पिऊन गिऱ्हाइकाला हात लावू नकोस म्हणून नवऱ्याने धाकट्या भावाला चारचौघांत झापलं, एवढंच निमित्त. धाकट्याने हातातला वस्तरा फिरवला. नवऱ्याचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडला, आतले दात दिसले, आरसा लाल झाला. दुसरा वार गळ्यावर येत होता. तो तिने मुठीत धरला.

दीर तुरुंगात गेला. नवऱ्याने दाढी वाढवली. त्या गालाला कुणाचंच पातं लावू दिलं नाही. "गावाची भादरतोस आणि स्वतःचं हे जंगल?" म्हणून गिऱ्हाइकं चेष्टा करत. ती मात्र दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून दिराचं नाव घ्यायची. प्रभू, त्याचं मन बदल. एक रविवार चुकवला नाही.

आणि आज भर दुपारी दीर दारात उभा राहिला, तर तिने आधी कात्री उचलली.

"वहिनी, मी बदललोय. आत असताना प्रभूला शरण गेलो."

"कुठे दिसतंय? कपाळावर छापून आणलंय?"

"नाही दिसत," तो मान खाली घालून म्हणाला.

नवऱ्याने शटर अर्धं ओढलं, खुर्चीत बसला आणि मान मागे टाकली. "ये. कर दाढी."

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?"

"अकरा वर्षं मागत होतीस ना? मग मिळालं असेल, असं एकदा तरी धरून चाल की."

मशीनने जंगल उतरलं. साबण लागला. उजवा गाल साफ झाला. कात्री मुठीत धरून ती दिराच्या पाठीशीच उभी होती. डाव्या गालावर व्रणाच्या उंचवट्याला पातं अडकलं आणि फेसातून एक लाल रेघ उतरली.

तिने कात्री मारली. दिराच्या डाव्या दंडात ती हाडापर्यंत गेली.

त्याने आधी वस्तरा भावाच्या गळ्यापासून लांब नेला. मिटला. फळीवर ठेवला. मग तो ओरडला आणि भिंतीला धरून खाली बसला.

"अगं, एवढ्याला तुरटी पुरते!" नवरा गाल चाचपत उठला.

कात्री तिच्या हातातून गळली. मनगटापर्यंत रक्त होतं. दिराच्या मनासाठी तिने इतके रविवार मागितलं; आपल्या मनात काय धार लावून बसलंय, ते तिला आजवर दिसलं नव्हतं.

दोन बोटं वाकेनात, म्हणून तिने त्याच्या दंडावर बांधलेल्या टॉवेलची गाठ दाताने आवळली. "दवाखान्यात चला, भावजी."

अकरा वर्षांत पहिल्यांदा ती त्याला भावजी म्हणाली. तो भिंतीला धरून उभा राहिला.

"दादाला असा अर्धवट ठेवून? लोक मलाच नावं ठेवतील."

नवरा पुन्हा खुर्चीत बसला. तिने फळीवरचा वस्तरा उचलला, पुसला आणि दिराच्या उजव्या हातात दिला. मग पडद्यामागे मोरीत गेली. तिथून आरसा दिसत नाही. पाठ फिरवून तिने टॉवेल पाण्यात बुडवला.

खर्र, खर्र. मग आवाज थांबला.

तिचे खांदे ताठ झाले. ती वळली नाही. पुसलेलं पातं पुन्हा गालावरून फिरू लागलं, तेव्हा तिने टॉवेल पिळला.