आई ‘इतर’मध्ये सापडली

भावंडांनो, आठवतंय? जूनमध्ये आई आपल्या कॉन्व्हेंटच्या वह्यांना खाकी कव्हरं घालायची आणि लेबलवर नाव, इयत्ता, विषय लिहायची. आपली एकही वही कधी हरवली नाही.

आज कर्वेनगरला दादाकडे गेले होते. त्याने घरातले सगळे कागद स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवलेत. “नाव टाक, लगेच सापडतं,” म्हणाला. मला आईचं शिक्षिकेचं प्रमाणपत्र हवं होतं. आईचं नाव ‘माधवी’ टाकलं, काहीच आलं नाही. बाबांच्या नावावर मात्र स्कूटर दुरुस्तीच्या पावत्यासुद्धा निघाल्या.

शेवटी ते ‘इतर’ नावाच्या फोल्डरमध्ये दिसलं.

दादा म्हणाला, “त्यावर कुसुम लिहिलंय गं. कोण कुसुम, कळेना. ‘इतर’चे मूळ कागद उद्या रद्दीत जातील.”

“अरे, लग्नात नाव बदललं तिचं. कुसुम म्हणजे आपली आई!”

“मग आधी सांगायचं ना!”

साठी उलटलेल्या मुलाला आईचं नाव सांगावं लागतं. तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं?

‘इतर’च्या मूळ कागदांचा गठ्ठा मी घरी आणलाय. प्रमाणपत्र दादाच्या लेकीला, नंदिनीला देणार, तीही शिकवते. आईच्या गाण्याच्या परीक्षेचा दाखला आपल्या मीनाला, तीही गाते. माहेरचे फोटो ताईला. दादाला प्रत्येक कागदाची झेरॉक्स, वर दोन्ही नावं लिहून.