मामांचा फलाट

चहूबाजूंनी अथांग पाणी असताना अर्ध्या बादलीत आंघोळ उरकणारा माणूस मी एकच पाहिला. मामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ. भर समुद्रात तेल काढणाऱ्या लोखंडी फलाटावर ते वेल्डर होते. मलाही त्यांनीच तिथं चिकटवलं. "आपल्या गावाला, नेकनूरला, टँकर चालू हाय बे," म्हणायचे, "इथं पाणी उधळलं तर घास उतरंल का?"

सुट्टीत गावी गेलो की लोक विचारायचे, मामा असतात कुठं? समुद्र, तेल, विहिरी हे सगळं समजावायचा मला कंटाळा. एकदा म्हणून गेलो, "फलाटावर." झालं! रेल्वेची वाट बघण्यात आमच्याकडं पिढ्या गेलेल्या. मामा रेल्वेतले साहेब ठरले. बायाबापड्या वाटेत अडवायच्या, "मामा, गाडी कवा आणता?" मामा माझ्याकडं बघून मिशीत हसायचे. "येईल की!" माझी थाप त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली आणि मी ती सांभाळू दिली.

मग समुद्राखालचं तेल आटलं. फलाट मोडायचा ठरला. एकेक विहीर सिमेंटनं बुजवण्याआधी मामा तिला हळदीकुंकू वाहायचे. मुकादम हसला, तर म्हणाले, "इतकी वर्षं दूध दिलं हिनं. भाकड झाली म्हणून तशीच सोडायची का?" शेवटी फलाटाचे पायही कापले आणि आम्ही गावी परतलो.

त्या साली दुष्काळ. जनावरं तहानलेली. दूध संस्थेच्या सभेत मामांना चेअरमन करायचं निघालं. कावून? तर ते परळीच्या स्टेशनापर्यंत रेल्वेनं पाणी आणतील! सगळे मामांच्या तोंडाकडं बघत होते. मामा मिशी चाचपत राहिले. खरं बोलावं तर भाचा उघडा पडणार.

मी उठलो. फलाट समुद्रातला, रेल्वे ही माझी थाप, सगळं सांगून टाकलं.

मग मावळते चेअरमन बप्पा खाकरून मामांकडं वळले. "म्हंजे तू रेल्वेतला न्हाईस?"

"न्हाई, बप्पा," मामा म्हणाले.

"लई बरं झालं. रेल्वेतला असतास तर तूबी आला नसतास!"

सभा खदखदून हसली. हसू ओसरल्यावर मामा म्हणाले, "रेल्वे माझ्या हातात न्हाई. पर टँकरसाठी उद्या बीडला मी जातो. मिळाल्याबिगर उठत न्हाई."

"मग झालास की चेअरमन," बप्पा म्हणाले. "बस हितं."

मामा सतरंजीवर बसले. मी दाराशीच उभा होतो. त्यांनी थोडं सरकून शेजारची जागा हातानं झटकली.

"ये की बे. तुला काय आवतण धाडावं?"