लांबचं गाव आधी

मीटिंग कशी घ्यावी हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, हाताखाली बावीस सेविका. दर महिन्याला कुरुंद्यात एका अंगणवाडीच्या खोलीत त्यांची मीटिंग. मी खुर्चीवर, त्या सतरंजीवर. अकराला सुरू करायचे ती पहिला तास-दीड तास मीच बोलायचे. परिपत्रकं वाचायचे, रागवायचे, मधूनच एखादा विनोद करायचे. त्या हसायच्या. मीटिंग झकास झाली असं समजून मी घरी जायचे.

मग रजिस्टरच्या क्रमाने एकेकीचा अहवाल. पहिला नंबर कुरुंद्याच्या सगळ्यात जुन्या सेविकेचा. बाई तोंडाने फटकळ आणि पहिल्या नंबराचा तोरा मोठा. शेवटचा, बाविसावा नंबर तांड्यावरच्या सेविकेचा. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर पावणेतीन व्हायचे आणि तांड्याच्या फाट्यावर थांबणारी एसटी तीनची. सगळ्या पिशव्या आवरायला लागलेल्या, ही दारात चपला शोधतेय आणि मी विचारायचे, "तुमचं काय?"

"सगळं बराबर हाय मॅडम."

मी तिच्या नावापुढे लिहायचे, 'अडचण नाही'. दोन वर्षं दर महिन्याला मी हेच लिहिलं.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा वरच्या साहेबांचं पत्र आलं. तांड्यावर तीनदा भेट दिली, तिन्ही वेळा चार-पाचच मुलं सापडली. पर्यवेक्षिकेच्या अहवालात कसलीही अडचण नोंदलेली नाही. तेव्हा ही अंगणवाडी बंद करून शेजारच्या गावाला का जोडू नये? शेजारचं गाव म्हणजे मधे ओढा आणि तीन किलोमीटर चाल. तीन वर्षांचं लेकरू तिथे जाणार कसं? आणि सेविकेचं कामही जाणार होतं.

मला राग आला, आणि खरं सांगते, आधी तिचाच आला. तिला बोलावून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोलले. दोन वर्षं तोंडात काय मूग धरले होते, असंही विचारलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमी कवा इचारलं मॅडम? माजा नंबर येतो तवा माजी गाडी येते."

त्या रात्री जुनी रजिस्टरं काढून बसले. 'अडचण नाही' हे शब्द माझ्याच अक्षरात, एकाखाली एक. शरम वाटली, आणि तिचं केंद्र आता आपणच वाचवायचं असं ठरवलं.

पुढच्या मीटिंगला मी खुर्ची बाहेर ओसरीत नेऊन ठेवली आणि सतरंजीवर बसले. म्हटलं, आजपासून लांबचं गाव आधी. जिला अडचण आहे तिने सांगायची, उत्तर बाकीच्यांनी द्यायचं, मी बोलणार नाही. हे शेवटचं मला कसं जमणार, याची मलाच शंका होती. म्हणून सुपारीचा मोठा तुकडा तोंडात धरला.

कुरुंद्याची बाई फुगून भिंतीकडे तोंड करून बसली. तांड्यावरची उठली. पहिल्यांदा काही सुचेना, पदराचं टोक पिळत उभी राहिली. मी सुपारी चावत होते. अखेर ती बोलली.

"लेकरं हायेत मॅडम. पस्तीस हायेत. पर आमच्या बाया हळद काढायला सातच्या आत रानात जातेत. अंगणवाडी उघडती धाला. लेकरं कुणापाशी ठिवावं? संगं घेऊन जातेत. साहेब येतेत अकराला, तवा लेकरं हळदीत असतेत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "मंग सहाला उघड की! काहून धाची वाट बघतीस?"

कुरुंद्याची बाई! फुगलेलीच होती, पण वळली होती. मग तिसरी म्हणाली, सकाळच्या खिचडीचे डाळ-तांदूळ आदल्या दिवशीच निवडून ठेवायचे. चौथी म्हणाली, आमच्याकडे कापसाच्या वेचणीत हेच होतं. अर्ध्या तासात सगळं ठरलं. जे मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं, ते मी गप्प बसल्यावर सुचलं. मला फक्त वेळ बदलायची परवानगी मागायची होती. साहेबांना लिहिलं, तांड्यावरची अंगणवाडी सध्या सहाला उघडून बघतोय, एकदा सकाळी सातला येऊन बघा.

साहेब साडेसातला आले, जीपमधून, कपाळाला आठ्या घालून. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी स्वतः मोजली, एकतीस. कित्येकांचे तळवे अजून हळदीने पिवळे होते. साहेबांनी विचारलं, "एवढी मुलं आली कुठून?"

"कालबी हितंच होती साहेब," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "येळ चुकत होती."

मग साहेब माझ्याकडे वळले. हे अहवालात का नव्हतं?

"मीटिंगमध्ये मीच बोलत होते, साहेब," मी म्हटलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड वाक्य असेल, पण म्हणताना हलकं वाटलं. अंगणवाडी तांड्यावरच राहिली.

पुढच्या मीटिंगला तिचा पहिला नंबर. मी लांबचं गाव आधी अशा क्रमाने नवं केलेलं रजिस्टर उघडलं, तिच्या नावापुढचा अडचणीचा रकाना दाखवला आणि पेन तिच्याच हातात दिलं. तिने लिहायला घेतलं. पत्रा गळतो. वजनकाटा अडकतो. पाणी लांबून आणावं लागतं. रकाना भरला तरी ती थांबेना, खालच्या ओळीत शिरली. ती ओळ डोंगरकडा गावाच्या बाजूच्या सेविकेची. "अगं, माजी जागा घेऊ नकोस!" ती ओरडली आणि सगळ्या खो खो हसल्या.

तांड्यावरची मात्र लिहीतच राहिली. तीनच्या गाडीला अजून चार तास होते.