फीत बांधलेली गाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमच्यासमोर मला चांगलं दिसायचं नाहीये.

मी फिरत्या दवाखान्याचं काम बघते. गाडी कारखान्याची, औषधं सरकारची, माणसं आमच्या संस्थेची — असा तिघांचा संसार, आणि तिघांची मर्जी सांभाळायची मी. मावळात बेडसे गावाच्या वरच्या अंगाला एक ठाकरवाडी आहे. गाडी तिथे पहिल्यांदाच गेली, तो रविवार होता. दाराला लाल फीत बांधलेली. मुंबईहून कारखान्याचे साहेब येऊन ती कापणार, मगच दार उघडायचं. डॉक्टरही त्यांच्याच मोटारीत. आणि ते सगळे लोणावळ्याच्या सुट्टीच्या गर्दीत अडकलेले!

वाडीतल्या बाया सकाळपासून उन्हात बसून होत्या. मीच बसवल्या होत्या — फोटोत रांग दिसायला हवी ना?

तेवढ्यात त्या रांगेतल्या सखूच्या पोटात कळा सुरू झाल्या. सातवाच महिना. तिची सासू माझ्याकडे धावत आली. "ताई, गाडी हाय न्हवं? न्या की हिला खाली सरकारी दवाखान्यात!"

ती फीत ती केवढीशी? हाताने ओढली असती तरी निघाली असती. पण साहेब आले आणि गाडीच जागेवर नसली तर? रागावून गाडी काढून घेतील, सगळ्याच वाड्यांची सोय जाईल — असं मी मनाला समजावलं. खरं सांगू? मला माझ्या नोकरीची भीती वाटली. बस्स.

मी म्हणाले, "मावशी, गाडी चालू होत नाहीये. बॅटरी गेलीय."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. वाडीतले गडी पुढे झाले, "धक्का मारू का, ताई?" — तर त्यांनाही मी अडवलं. आत नाजूक मशिनं आहेत म्हणाले.

बऱ्याच वेळाने दुधाचा टेम्पो मिळाला. मीच सखूला हात देऊन वर चढवलं, माझी ओढणी तिच्या डोक्याखाली दिली. बाळ वाटेतच झालं. ते रडलं नाही.

साहेब आले, फीत कापली गेली. परतताना गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली, तेव्हा त्याच गड्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या.

लवकर निघालो असतो तर बाळ वाचलं असतं? नंतर डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. त्या वाक्यामागे मी लपणार नाही.

गाडी आजही दर महिन्याला वाडीवर जाते. मीही जाते — बदली मागायची तर कारण काय सांगू? सखूची सासू मला चहाला बसवते आणि येईल त्याला सांगते, "गाडी बंद पडलेली, पर ताईंनी हिला टेम्पोत घातलं. ताई व्हत्या म्हणून सखू वाचली." मी तो चहा पिते.

पुढच्या खेपेला सखूला मुलगी झाली. तिचं नाव त्यांनी वैशाली ठेवलं — माझं नाव. तपासणीला तिचा नंबर आला की हाक मलाच मारावी लागते. "वैशाली," मी म्हणते, आणि ती पोर धावत येऊन मला बिलगते.