साडूंचा उघडा टॅबलेट

जगात जे जे म्हणून बंद आहे ते ते उघडण्यासाठीच देवाने आमच्या थोरल्या साडूंना जन्माला घातलं, आणि उघडलेलं परत लावायचं कसं हे शिकवायच्या आत त्यांना कुवेतचा व्हिसा लागला. नोकरी तेलाची, पण धर्म मोबाइलचा. कंपनीने ठरवलेलीच ॲप चालवणारं यंत्र त्यांच्या लेखी पिंजरा. "अहो, पैसे तुम्ही टाकायचे आणि मालकी त्यांची? हे कसलं जगणं?" हे बोलायचे कुवेतच्या सालमिया भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे भिंतीत खिळा ठोकायलाही इमारतीच्या राखणदाराची परवानगी लागते. स्वतःच्या फोनमधली मूळची प्रणाली खरवडून त्यांनी कुठलीशी मुक्त प्रणाली भरली. फोन इतका मुक्त झाला, की बँकेचं ॲप त्याला दारात उभं करीना. मग कंपनीच्या पिंजऱ्यातलाच एक बंद जातीचा फोन गुपचूप खिशात आला. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे इथल्या वाण्याकडे, खुबूस रोट्या घेताना मी तो पकडला, तर म्हणाले, "हा माझा नाही. बँकेचा आहे."

अशा माणसाचा सल्ला घेणारा गाढव कुवेतमध्ये एकच होता, आणि तो हे लिहितो आहे. बाबा गेल्यावर आई नाशिकला एकटी पडली. शुक्रवारच्या सुट्टीला तरी तिचं तोंड दिसावं, म्हणून मी दुकानात एक बंद जातीचा, बोट लावलं की चालणारा टॅबलेट हातात घेतला होता. साडूंनी तो काढून फळीवर ठेवला. "मावशींना पिंजऱ्यात घालता?" मी मान डोलावली. लग्नातही मी तेच केलं होतं.

साडूंनी स्वहस्ते 'उघडलेला' टॅबलेट नाशिकला पोचला आणि दर शुक्रवारी रुसू लागला. कधी आवाज नाही, कधी पडद्यावर आई उलटी. मग साडू साध्या फोनवरून शस्त्रक्रिया सुरू करत.

"मावशी, कोपऱ्यात चाक दिसतंय?"

"चाक कुठलं? फूल आहे."

"तेच दाबा."

"दाबलं. अहो, सगळा अंधार झाला!"

"होऊ दे. येईल परत."

तो परत येईपर्यंत साडूंचा गुडघा, आईचा सांधा, शेजारणीची सून, वालाच्या बिरड्यात गूळ किती, सगळं निघायचं. मी पोटचा मुलगा, बाजूला चहाचा ट्रे धरून.

अखेर दुकानातला तो बंद जातीचा टॅबलेट विकत घेऊन मी गावी निघालेल्या एका सहकाऱ्याबरोबर धाडला. बोट लावताच आई हजर, सुलटी, आवाजासकट.

"जेवलास?"

"हो. तू?"

"हो. बरं, ठेवते."

झालं. पुढचे सगळे शुक्रवार असेच, बिनतक्रार. साडूंना सांगितलं तेव्हा मी व्याख्यानाच्या तयारीने बसलो होतो. ते एवढंच म्हणाले, "चालतंय ना? मग उत्तम," आणि उगाच माझ्या टीव्हीचा रिमोट उघडून बसले.

परवाच्या शुक्रवारीही ते असेच शेजारी बसले होते. आई ठेवता ठेवता थांबली.

"अरे, हा मेला काही बिघडतच नाही. तुझ्या साडूंना म्हणावं, जरा बघता का?"

साडू चष्मा शोधू लागले.