संत्र्यांसोबत गेलेलं गंगावन

मी मास्तर आहे, पांढुर्ण्याच्या एका शाळेत. जप्ती हा माझ्या नोकरीतला सगळ्यात आवडता भाग. आजवर भोवरे, मोबाइल, प्रेमपत्रं असं बरंच काही जप्त केलंय, आणि प्रेमपत्रं तर सगळी वाचलीत, शुद्धलेखन तपासायला. त्यामुळे नागपूरला शिकणारी माझी लेक दिवाळीला घरी आली आणि तिच्या बॅगेतून एक जाड चित्रांचं पुस्तक डोकावलं, तेव्हा माझा हात आपोआप पुढे झाला.

कव्हरवर फ्रॉक घातलेल्या दोन मुली होत्या. नीट पाहिलं तर मुली नव्हत्याच. एकीचा कंठमणी चांगला सुपारीएवढा काढला होता.

"मांगा आहे पप्पा, जपानी कॉमिक," लेक म्हणाली. "पोट्टे पोट्टीचे कपडे घालतात, त्याची गोष्ट. वाचून तर पाहा."

पाहतो म्हणालो आणि नापास करायचं ठरवूनच पेपर हातात घ्यावा तसा ओसरीत जाऊन बसलो. बाजूच्या खाटेवर बाबा पडले होते. बाबा आता ऐंशीला टेकलेत.

वीस पानांत मी चक्रावलो. एक लहान बहीण भावाला त्याचा केसांचा टोप परत देते, भाऊ रडतो, आणि पुढे काही पानांवर तीच बहीण तो टोप चोरते. आधी परत द्यायचं आणि मग चोरायचं, हा कुठला न्याय? लेकीला विचारलं तर ती पोट धरून हसली. जपानी पुस्तक मागून उघडायचं असतं म्हणे. मी शेवटाकडून सुरुवात केली होती.

मग उलटं करून सरळ वाचलं. पुस्तक इंग्रजीत होतं, अडलं की मोबाइलला विचारत होतो. माझी अपेक्षा होती की एकतर चावटपणा निघेल, नाहीतर त्या पोरांची टिंगल. दोन्ही निघालं नाही. शाळेच्या नाटकात मुलींची कामं करायला दोन पोरं लागतात, एवढीच गोष्ट. बुटात पाय जात नाही, पिन डोक्यात रुतते, लिपस्टिकवरून दोघांचं भांडण होतं. आणि एक जण आरशासमोर उभा राहतो तो हलतच नाही, इतका त्याला स्वतःचा हेवा वाटतो. मी दोनदा मोठ्यानं हसलो आणि दोन्ही वेळा खोकल्याचं सोंग केलं. जप्तीचा माल आवडल्याचं मास्तरानं कबूल करायचं नसतं.

पण बहीण टोप का चोरते ते कळलं आणि माझं हसू आटलं. भाऊ मुलगी होतो म्हणून वर्गातल्या मुली तिला चिडवत असतात.

मी नाच्याचा पोरगा. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, आणि मंडईत खडी गंमत होते. ढोलकी, डफ, शाहीर आणि लुगडं नेसून नाचणारे पुरुष, म्हणजे नाचे. बाबा दिवसा संत्र्याच्या पेट्या भरायचे आणि गंमतीत बाई व्हायचे. पंचक्रोशीतल्या बाया म्हणत, असा पदर आम्हालाही जमत नाही. मला मात्र त्याचं काही कौतुक नव्हतं. शाळा सुटली की पोरं माझ्यामागे रांग लावून बाबांसारखी कंबर हलवत घरापर्यंत यायची.

मी अकरा वर्षांचा होतो. सौंसरच्या मंडईत गंमत होती आणि बाबांचा जोडीदार, दुसरा नाच्या, आदल्या दिवशीच तालमीसाठी सौंसरहून आमच्याकडे मुक्कामाला आला होता. मी बाबांच्या ट्रंकेतून त्यांचं गंगावन काढलं, ती हातभर लांब नकली वेणी, आणि अंगणात भरून ठेवलेल्या संत्र्याच्या पेटीत गवताखाली दाबलं. पेटीवर खिळे ठोकले गेले, पेटी रेल्वेनं दिल्लीला गेली. तिथं कोण्या बाईनं संत्री काढता काढता वेणी ओढली असेल, तिचं काय झालं असेल याचा विचार मी आजही करतो.

त्या दिवशी बाबा आखूड केसांवर नुसता पदर घेऊन नाचले. पदर घसरला, लोक हसले. बाबांनी पुन्हा घुंगरू बांधले नाहीत, आणि जोडीदारानंच गंगावन चोरलं असं धरून त्याच्याशी बोलणं तोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. चाळीस वर्षं झाली, चोर गप्प.

"काय वाचून राहिला बे?" बाबांनी विचारलं. मी पुस्तक पुढे धरलं. त्यांनी चष्मा चढवला आणि बराच वेळ पाहिलं.

"याचा खांदा पाह्य. ताठ ठेवला. बाई खांदा उतरवून उभी रायते."

चाळीस वर्षांत ते या विषयावर एक शब्द बोलले नव्हते. मला फार लाज वाटली.

"बाबा, तुमचं गंगावन मी पेटीत टाकलं होतं. संत्र्याच्या."

त्यांनी चष्मा काढला. "कोणत्या गावले गेली थे पेटी?"

"दिल्लीले."

"दिल्लीले," ते म्हणाले. मग हळूच, "म्हंजे त्यानं नाई नेलं." आणि उठून चपला शोधायला लागले. "चाल, सौंसरले जाऊ."

"आत्ता?"

"मंग कई? तोई ऐंशीचा झाला."

बसनं गेलो, लेकही आली, पुस्तक घेऊन. बाबांचे ते जोडीदार, म्हणजे माझे काका, अंगणात उन्हात बसले होते. बाबांना पाहून ते उठले. बाबांनी माझ्या दंडाला धरून मला पुढे केलं.

"यानं नेल्तं. तू नाई."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसायलाच हवी होती.

"मीई थे चोराले गेल्तो," काका म्हणाले. "ट्रंक उघडली तं गंगावन नाई. तवा म्हटलं, माह्या पहिले कोण पोचला?"

"काऊन बे?" बाबा म्हणाले.

"लोकं तुलेच पायत होते ना लेका. मले कोण पाये? म्हून तू बोल लावला तं मी चूप रायलो. मनात तं होतंच."

संन्यासीही तसा बेताचाच संन्यासी निघाला. बाबा हसायला लागले, इतके की त्यांना खाटेवर बसवावं लागलं. काकांनी मग पुस्तक मागून घेतलं, दोन पानं पाहिली आणि म्हणाले, "हा पोट्टा तुयापेक्षा बरा दिसून राहिला." बाबांनी ते पुस्तक हिसकून घेतलं.

काका आत गेले आणि पत्र्याच्या डब्यातून स्वतःचं गंगावन घेऊन आले. लालसर झालेलं, पण गाठ शाबूत. त्यांनी ते बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"लावून दे," बाबा मला म्हणाले.

मी लावायला गेलो. पण बाबांच्या डोक्यावर बांधायला केस कुठे उरलेत? म्हणून मी ते मागून हातानं धरलं. बाबांनी खांदा उतरवला आणि अंगणात चालायला लागले, आणि मी गंगावन धरून त्यांच्यामागे त्यांच्यासारखाच चालत गेलो.