जनीमावशीने दिलेलं उत्तर

जनीमावशी गेल्याचा निरोप मला पालघरला, कॉलेजच्या गेटवर मिळाला. काविळीने तिला आठ दिवसांत नेलं. निरोप आणणाऱ्याला मी आधी विचारलं, "हरेशचं काही कळलं?" तो नाही म्हणाला. हरेश तिचा एकुलता मुलगा. गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. गेल्या हिवाळ्यात समुद्रात सीमेपलीकडच्या लोकांनी सगळ्यांना बोटीसकट धरून नेलं.

मावशी तारापूरजवळ आमच्याच आळीत राहायची, बोंबील वाळवून बोईसरच्या बाजारात विकायची. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून आळीतले सगळे कागद वाचायला माझ्याकडे येत. "आमचा कलेक्टर आला, पाट द्या रे त्याला!" अशी ती चेष्टा करायची.

यंदा उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. अणुवीज केंद्र इतकं जवळ, की नुसता विमानाचा आवाज आला तरी बायका पोरांना घरात ओढायच्या. त्याच दिवसांत मी मुंबईच्या एका संस्थेसाठी जनमत चाचणीचे फॉर्म भरत होतो. लढाईच्या काळात देशाच्या नेत्याचं काम कसं वाटतं? खूप चांगलं, चांगलं, वाईट, की सांगता येत नाही?

आदल्याच आठवड्यात मावशी ओट्यावर बसून त्याच नेत्याला शिव्या घालत होती. "यांची लढाई, नि माजा पोर त्यांच्या तावडीत. रागानं मारला त्याला तर?" पण माझ्या हातातला फॉर्म पाहिला आणि तिने पदर सावरला. आवाज खाली आला.

"हा कागद दिल्लीला जातो?"

"नाव नाही जात, मावशी. नुसतं मत जातं."

"मंग लिव, लय चांगला. लय लय चांगला हाय म्हनावं. नि खाली हरेशचं नाव लिव, बोटीचा नंबरपन."

हा अर्ज नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं… तिने फॉर्मच्या कडेच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. मी 'खूप चांगलं'वर खूण केली आणि समासात हरेशचं नाव लिहिलं.

पुढे पेपरात निकाल आला. नेत्याची लोकप्रियता खूप वाढली होती. कॉलेजात मुलं खुशीत होती, मला मात्र तो आकडा बघवेना. त्यात मावशी होती. काहींना खरोखर अभिमान वाटला असेल, त्यांना खोटं ठरवायचा मला हक्क नाही. पण मी भरून आणलेल्या बाकीच्या फॉर्मांत अशा किती जणी होत्या, ते मलाही सांगता येणार नाही. कोण कशाच्या भीतीने बोललं, हे लिहायला त्यावर रकानाच नव्हता.

बाराव्याला गेलो तो घरच्यांना खरं सांगायचं ठरवूनच. हरेशची बायको सुनंदा मला बाजूला घेऊन गेली. कडेवर मुलगी होती.

"भाऊजी, आई तर गेल्या. त्यांनी केलेला अर्ज आता चालंल ना? का माज्या नावानं परत लिवायचा?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"चालेल," मी म्हणालो.